वेलमवर घरी छपाई: आठ महिने आणि वाया गेलेले ५७ कागद

मागच्या आठवड्यात सेवा केंद्राच्या माणसाने माझा इंक टँक प्रिंटर तपासला, पावतीवर ‘यंत्रात दोष नाही, कागद अयोग्य’ असा शेरा मारला आणि भेटीचे ३५० रुपये घेऊन तो निघून गेला. तक्रार ठिपक्यांची होती. वेलमवर, म्हणजे अर्धपारदर्शक कागदावर, काहीही छापले की मजकुरावरून कागदाच्या लांबीभर, सुईने टोचल्यासारख्या बारीक ठिपक्यांच्या समांतर रेषा उमटतात. माझ्या नवऱ्याला त्या भिंग देऊनही दिसल्या नाहीत. मला मात्र एकदा दिसल्यापासून दुसरे काही दिसेनासे झाले आहे.

हे ठिपके कागद बाहेर ढकलणाऱ्या लहान दातेरी चाकांचे असतात. साध्या कागदात शाई लगेच मुरते, म्हणून चाके फिरली तरी खूण राहत नाही. वेलमचा लगदा इतका घोटलेला असतो की तंतूंमध्ये हवेला जागाच उरत नाही. त्यामुळेच तो अर्धपारदर्शक होतो आणि त्याच कारणाने शाई पीत नाही. (नाव वासराच्या कातड्यावरून आलेले असले, तरी आपण वापरतो तो निव्वळ कागदच असतो.) शाई वर ओलीच थांबते आणि चाके तिच्यातून चालत जातात. म्हणजे तो माणूस चुकीचे बोलला नव्हता, हे मला आता मान्य आहे. पण एवढे सांगायला ३५० रुपये?

भाचीच्या लग्नपत्रिकांवर लावायला मला वेलमची ६० आवरणे हवी होती. सुरुवातीला मी सीताबर्डीवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात लेझरवर छापून घ्यायचे ठरवले होते, पण दुकानदाराने कागद बोटांनी चाचपून परत दिला. “ताई, हे आत गुंडाळलं तं माही मशीन बसते,” असे तो म्हणाला. दुसऱ्या दुकानात छापून मिळाले आणि अक्षरे रेखीव आली, पण टोनर वितळवणाऱ्या उष्णतेने पातळ कागदाची पुंगळी झाली. जाड, ११२ जीएसएमचा वेलम बराच सपाट राहिला, मात्र त्याची किंमत ऐकून मी घरच्या प्रिंटरकडे परत वळले. ड्रॉइंगच्या दुकानातला गेटवे (ट्रेसिंग पेपर) स्वस्त पडतो खरा, पण रोलमधून कापलेला तुकडा आपला बाक सोडत नाही आणि प्रिंटरच्या मागच्या ट्रेमध्येही नीट बसत नाही.

सेटिंगबाबत माझे मत मधल्या काळात पूर्ण उलटले. कागद महाग म्हणून मी इमानेइतबारे ‘फोटो पेपर’ आणि ‘उच्च दर्जा’ निवडत होते. त्यात शाई भरपूर ओतली जाते. शिवाय माझ्या यंत्रात त्या निवडीमुळे पिगमेंटची काळी शाई बाजूला राहून तीन रंगांच्या मिश्रणातून काळा तयार होतो, जो वेलमवर शेवाळी दिसला. ‘साधा कागद’ आणि ‘ड्राफ्ट’ या निवडीवर, बारीक टाइपात, तोच मजकूर पुष्कळ स्वच्छ आला आणि शाईही वाचली.

मग मे महिना आला. बाहेर ४५ अंश, घरात कूलर, आणि कूलरच्या ओलाव्याने वेलमच्या कडा पापडासारख्या वर येऊ लागल्या. छपाईपूर्वी अर्धा तास कूलर बंद ठेवायचा आणि कागद ऐन वेळी प्लास्टिकच्या पिशवीतून काढायचा, हा नियम मी केला. घरच्यांनी त्यावर काय म्हटले ते इथे लिहिण्याजोगे नाही.

ठिपक्यांवरचा उपाय मात्र याच काळात सापडला. मजकूर आरशातल्यासारखा उलटा छापायचा आणि कागद पालटून शाईची बाजू आत, पत्रिकेकडे ठेवायची. वेलममधून अक्षरे थोडी मवाळ पण सुवाच्य दिसतात, ठिपके त्या धूसरपणात विरून जातात आणि पूर्ण वाळलेल्या शाईला पाहुण्यांची बोटे लागत नाहीत. डिंक आरपार दिसतो, म्हणून आवरण वरच्या बाजूला दोन छिद्रे पाडून रिबिनीने बांधले.

ज्या न वाळणाऱ्या शाईला मी सहा महिने शिव्या घातल्या, तिचा एक उपयोगही आहे. वधू-वरांची नावे सुलटी छापून, कागद बाहेर येताच ओल्या अक्षरांवर पारदर्शक एम्बॉसिंग पावडर भुरभुरायची, उरलेली झटकून डबीत परत भरायची आणि हीट गन कागदाच्या खालून, एका जागी न थांबवता फिरवायची. पावडर वितळून अक्षरे चकचकीत, उठावदार होतात आणि चाकांचे ठिपके तिच्याखाली बुजतात. हात रेंगाळला की कागद आक्रसतो; माझे ११ कागद असेच गेले.

उरलेल्या २३ कागदांवर महालक्ष्म्यांच्या मखरासाठी नक्षी छापायची आहे, अर्थात उलटी. ३५० रुपये परत मागणारे पत्र मात्र मी साध्या कागदावर छापून पाठवले आहे.