गोळ्या बंद झाल्यावरही राहिलेल्या त्रासासाठी दादरचं क्लिनिक – माझा अनुभव

डिप्रेशनच्या गोळ्या कधीच्या बंद झाल्यात तरी इच्छाच होत नाही, खाली स्पर्श बधिर लागतो, ऑरगॅझम आला तरी काही जाणवत नाही, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी लिहितेय. याला पीएसएसडी म्हणतात, म्हणजे डिप्रेशनच्या गोळ्या बंद केल्यावरही राहणारा लैंगिक त्रास. गोळी चालू असताना असं होतं हे सगळे डॉक्टर सांगतात, पण बंद केल्यावरही राहू शकतं हे फार कमी जण बोलतात, आणि बायकांना तर कोणी विचारतच नाही. युरोपच्या औषध नियामकाने २०१९ मध्येच एसएसआरआय आणि एसएनआरआय या डिप्रेशनच्या नेहमीच्या दोन प्रकारच्या गोळ्यांच्या माहितीपत्रकात ही सूचना घालायला सांगितली, कॅनडानेही २०२१ मध्ये तेच केलं.

माझं असं झालं की गेल्या पावसाळ्यात जोरात ताप आला आणि त्या तापातच, काही ध्यानीमनी नसताना, सगळं परत आलं, स्पर्श कळायला लागला, मिस्टरांच्या जवळ जावंसं वाटलं, आम्ही दोघं रडलो अक्षरशः. ताप उतरल्यावर थोडे दिवस टिकलं आणि मग परत बधिर. आधीच्या डॉक्टरना सांगितलं तर म्हणाले, बघा, म्हणजे मनातच आहे तुमच्या. फार लागलं ते.

दादरच्या या क्लिनिकमधल्या डॉक्टर मॅडमनी मात्र सगळं लिहून घेतलं. ताप किती होता, कोणती अँटिबायोटिक घेतली, पाळीचे कितवे दिवस होते, झोप कशी होती. म्हणाल्या की असे मधेच बरे दिवस येतात असं आणखीही पेशंट सांगतात, कारण अजून नक्की कळलेलं नाही. संवेदना परत आली होती म्हणजे ती कायमची गेली असं धरून बसू नका, पण गॅरंटी मी देणार नाही, असंही म्हणाल्या. मी विचारलं तीच अँटिबायोटिक परत घेऊन बघू का, तर सरळ नाही म्हणाल्या. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, शुगर, बी-१२ करून घेतलं, म्हणजे दुसरं काही कारण नाही ना ते कळतं. यावर खात्रीचा इलाज आज नाही हेही तोंडावर सांगितलं. लोकलच्या डब्यात गुप्तरोगाची पोस्टरं लावून हजारो रुपये उकळणाऱ्यांकडे जाण्यापेक्षा हे खरं ऐकणं मला कितीतरी बरं वाटलं. दुसऱ्या वेळी मिस्टरांनाही आत बोलावलं, त्यांना वाटत होतं माझं प्रेमच आटलंय, तो गैरसमज तिथेच गेला.

आणि प्लीज, हे वाचून कोणी चालू गोळ्या एकदम बंद करू नका, मला त्याच गोळ्यांनी उभं केलं होतं. डॉक्टरना विचारून हळूहळूच कमी करायच्या.

स्टेशनपासून चालत जाता येतं. अपॉइंटमेंट असली तरी थांबावं लागतं, शनिवारी तर फारच. रिसेप्शनला सगळ्यांसमोर तक्रार विचारतात, ते बदलायला हवं, तोपर्यंत "मॅडमनाच सांगते" एवढंच म्हणा, पुढे विचारत नाहीत.