ग्रॅव्हल सायकल, अकरा महिन्यांनंतर: आधी ब्रेकचा आतला पॅड बघा

माझी ग्रॅव्हल सायकल, म्हणजे डांबर आणि खडी-मुरूम दोन्हींवर चालणारी जाड टायरची सायकल. जुलैत तिच्यावरून पुण्याजवळचा पाबे घाट उतरताना पुढच्या ब्रेकचा लिव्हर थेट हँडलला टेकला. खानापूरच्या बाजूने चढून आलो होतो. खिंडीत धुकं होतं, बारीक पाऊस लागलेला. वेल्ह्याकडचा उतार सुरू झाला आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर बोटं आवळून धरली तरी सायकल हळू होईना. मागचा ब्रेक थोडाफार धरत होता. सायकल डोंगराच्या बाजूच्या चरात घातली, एक पाय रस्त्याला घासत नेला आणि कशीबशी थांबलो. पडलो नाही, एवढंच.

एक बाबा गुरं घेऊन वर येत होते. "बिरेक गेला जनू?" म्हणाले, आणि मी चाक काढेपर्यंत सायकल उचलून धरून उभे राहिले. चाक निघाल्यावर कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेकचे दोन्ही पॅड धरून ठेवणाऱ्या भागाच्या, फटीत मोबाइलचा उजेड मारला. आतल्या पॅडवर मसाला, म्हणजे घासला जाणारा थर, शिल्लकच नव्हता. पॅडची नुसती लोखंडी पाठ रोटरला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीला, घासत होती आणि खाली मुरमाच्या तांबूस चिखलात चंदेरी कीस मिसळून त्याचा लगदा झाला होता. बाहेरच्या पॅडवर जेमतेम मिलिमीटरभर मसाला होता. बाबा म्हणाले, "आता बसू नका हिच्यावर, हातात धरून चालत जावा." तसंच केलं. वेल्ह्यापर्यंत पायी आणि तिथून चेलाडी फाट्यापर्यंत भाजीच्या पिकअपमध्ये.

सायकल कोणती, काय, ते थोडक्यात सांगतो. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे पेडलजवळ एकच ४२ दात्यांची चकती (चेनरिंग), मागच्या चाकावर ११ ते ४२ दात्यांच्या अकरा चकत्यांचा संच (कॅसेट), १६० मिमीचे रोटर, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, ७००×४० चे, म्हणजे ४० मिमी रुंद, नॉबी (गोट्यांचे) टायर. ऑक्टोबरात घेतली. आजवर ४,२०० किलोमीटर झाले. त्यातले निम्म्याहून जास्त डांबरावर, बाकीचे मुरूम, खडी आणि पांदणीतून. माझं वजन ७४ किलो.

घेताना मी तीन आठवडे फक्त टायरवर वाचत बसलो होतो. ३८ की ४०, नॉबी की गुळगुळीत, ट्यूब की ट्यूबलेस. ब्रेकबद्दल एकच प्रश्न विचारला: डिस्क आहे ना? दुकानदार म्हणाला, आहे. विषय संपला. खरं तर विषय तिथे सुरू व्हायला हवा होता.

केबलच्या स्वस्त डिस्क ब्रेकमध्ये दोन पॅड असतात, पण हलतो एकच, बाहेरचा. लिव्हर ओढला की बाहेरचा पॅड रोटरला आत ढकलतो, रोटर किंचित वाकतो आणि आतल्या स्थिर पॅडवर जाऊन दाबला जातो. आतला पॅड आपणहून पुढे येत नाही. तो झिजला की मागचा स्क्रू ॲलन कीने फिरवून आपणच पुढे आणायचा असतो. हा स्क्रू चाकाच्या बाजूला, स्पोकच्या आड असतो, त्यामुळे नजरेलाच पडत नाही. नजरेला पडतो तो केबलचा ताण वाढवणारा गोल ॲडजस्टर. ब्रेक सैल वाटला की सगळे तोच फिरवतात. मीही फिरवला, दुकानातल्या मेकॅनिकनेही पहिल्या दोन्ही सर्व्हिसला तोच फिरवला.

घात इथेच होतो. केबल ताणली की लिव्हर हाताला घट्ट लागतो, मन निर्धास्त होतं. पण केबल ओढते ती कॅलिपरवरची दांडी आधीच अर्धी फिरून बसलेली असते. पॅड झिजत जातो, आपण केबल ताणत जातो, दांडीची उरलेली फिरत कमी होत जाते आणि एक दिवस ती शेवटाला टेकते. त्यानंतर लिव्हर कितीही ओढा, पॅड पुढे जातच नाही. झिजलेला पॅड केबलने झाकला जातो. हे मला कुणी ऑक्टोबरात पाच मिनिटं सांगितलं असतं तर जुलैतला तो उतार टळला असता.

त्यात पावसाळा. उन्हाळ्यात दोन-अडीच हजार किलोमीटर सहज चालले असते असे पॅड पावसात चार-पाच फेऱ्यांत संपले. मुरमाची बारीक पूड आणि पाणी यांचं मिश्रण म्हणजे पॉलिश पेपरच, आणि तो रोटर-पॅडच्या मध्ये सतत फिरत असतो. शिवाय घाटात ब्रेकवर येणारा भार आपल्या लक्षात येत नाही. एक हिशोब करून बघा. माणूस, सायकल, पाणी, पिशवी धरून ९५ किलो. सिंहगडावरून गोळेवाडीपर्यंत उतरताना साधारण ६०० मीटर खाली यायचं. ही सगळी ऊर्जा म्हणजे सुमारे ५६० किलोज्यूल. तेवढ्या उष्णतेत दीड लिटर पाण्याला सहज उकळी फुटते. थोडा वाटा वारा आणि टायर घेतात, पण ओल्या, वळणावळणाच्या रस्त्यावर हळूहळू उतरताना बहुतेक सगळी उष्णता त्या दोन पातळ चकत्यांवर आणि बोटाच्या पेराएवढ्या चार पॅडवरच निघते.

आता दुकानाचा अनुभव. नाव लिहीत नाही, तसा हेतूही नाही. सोमवारी सायकल नेली. सांगितलं गेलं, "सर, पॅड कन्झ्युमेबल असतात, वॉरंटीत येत नाहीत." मान्य, पॅड कोणीच वॉरंटीत देत नाही. पण पुढे म्हणाले, रोटर गेला, कॅलिपर गेला, पुढचा पूर्ण सेट बदला, ४,८०० रुपये. कॅलिपर का गेला, हे विचारल्यावर नीट उत्तर नाही. मी म्हटलं, दोन सर्व्हिस तुमच्याकडे झाल्या, तेव्हा आतला पॅड बघितला होता का? जॉब कार्डवर 'ब्रेक ॲडजस्ट' एवढंच लिहिलेलं. एक तास उभा होतो. शेवटी सायकल तशीच परत आणली.

घरी जाडी मोजायचं व्हर्नियर आहे. रोटर मोजला: १.६ मिमी. शिमानोच्या रोटरवर किमान जाडी १.५ मिमी कोरलेली असते, नवा १.८ चा असतो. म्हणजे पत्रा घासून ओरखडे पडले असले तरी रोटर अजून मर्यादेत होता. बारीक पॉलिश पेपरने दोन्ही बाजू घासल्या, स्पिरिटने पुसला. कॅलिपर उघडून धुतला, तो व्यवस्थित होता. नवे पॅड ५५० रुपये. केबल पूर्ण सैल सोडली, आतला पॅड रोटरला जेमतेम न घासेल इतका पुढे आणला आणि मगच केबल लावली. तोच ब्रेक पहिल्या दिवशीपेक्षा चांगला लागायला लागला. ४,८०० विरुद्ध ५५०. राग पैशाचा आहेच, पण त्याहून जास्त या गोष्टीचा आहे की घाट उतरणाऱ्या माणसाला ही साधी माहिती देणं विकणाऱ्याला गरजेचं वाटलं नाही.

पॅड घेताना रोटरवर काय कोरलंय ते वाचा. 'रेझिन पॅड ओन्ली' असं असेल तर धातूमिश्रित सिंटर्ड पॅड लावू नका, रोटर लवकर खातात. माझा रोटर तसाच निघाला, म्हणून रेझिनच लावले. पावसात सिंटर्ड जास्त टिकतात, आवाज मात्र जास्त करतात.

गिअरचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात फार गुंता नाही. ४२ पुढे आणि ४२ मागे म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एक फेरा, साधारण २.२ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी ८ किलोमीटर. सिंहगडच्या चढावर माझ्याकडून ८ निघत नाहीत, ६ ते ७ निघतात, म्हणजे पाय पन्नासच्या आसपास फिरतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. जानेवारीत डावा गुडघा दुखायला लागला. डॉक्टरांनी आठ दिवस बंद करायला सांगितलं. मी १,६०० रुपयांची ३८ ची चेनरिंग बसवली, चेनमधल्या दोन कड्या काढल्या. आता एका फेऱ्याला २ मीटर, साठ फेऱ्यांना ताशी ७.२. ऐकायला फरक बारीक वाटतो, पण चढ सलग तासभर असतो तेव्हा तो गुडघ्याला कळतो. वरच्या टोकाला काही गमावलं नाही: ३८-११ वर नव्वद फेऱ्यांना ताशी ४१ येतात. त्यापेक्षा जास्त वेग मला उतारावर फुकट मिळतो आणि तो मला नकोच आहे.

एकच चेनरिंग असल्याचा एक तोटा खरा आहे. कॅसेटवर शेवटी ३२, ३७, ४२ अशा उड्या आहेत, खाली १५ वरून १७. सपाट रस्त्यावर समोरून वारा असला की एक गिअर जड, पुढचा हलका, मधला मिळत नाही. नवी सायकल घेणाऱ्याला घाटाचंच वेड असेल तर पुढे ४६ आणि ३० अशा दोन चेनरिंग आणि मागे ११-३४ असलेली शोधावी. सगळ्यात हलक्या गिअरला पेडलच्या एका फेऱ्यात चाक ०.८८ फेराच फिरतं आणि मधल्या पायऱ्याही जवळजवळ असतात.

टायरचं माझं मत मात्र दोनदा बदललं. सुरुवातीला मी नॉबीच्या बाजूने ठाम होतो. पण 'ग्रॅव्हल' ही अमेरिकेतली कल्पना आहे. कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये मैलोन्‌मैल खडीचे सरळ रस्ते आहेत, तिथल्या एम्पोरिया गावातली खडीवरची सायकल शर्यत २००६ पासून चालू आहे, आणि तिथला गारगोटीचा धारदार दगड टायर फाडतो म्हणून लोक जाड टायर घालतात. आपल्याकडे खडी बसाल्टची, तीही फोडलेली, धारदारच. पण टायरचा आपला खरा शत्रू दगड नाही, काटा आहे. एप्रिलमध्ये सोनोरीच्या बाजूने मल्हारगडाकडे पांदणीतून गेलो. छाटलेल्या बाभळीच्या फांद्या वाटेत पडल्या होत्या. त्या दिवशी तीन पंक्चर, दोन ट्यूब आणि एक ठिगळ. उन्हात बसून टायरमधून नखाने काटे काढले, सात निघाले. एक इतका आत मोडला होता की पक्कडीनेही येईना. नॉबी असो की गुळगुळीत, काट्याला फरक पडत नाही.

मग ट्यूबलेस केलं. रिम टेप, व्हॉल्व्ह, प्रत्येक टायरमध्ये ६० मिली सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव. घरच्या पंपाने टायर रिमवर बसेना, हवा सगळी बाजूने निघून जायची. कोपऱ्यावरच्या गाड्यांच्या पंक्चरवाल्या दादांकडे गेलो. व्हॉल्व्हवर पितळी ॲडॉप्टर लावला, त्यांनी टायरच्या कडेला साबणाचं पाणी फासलं आणि कॉम्प्रेसरची नळी लावली. फटाक्यासारखे दोन आवाज आले आणि टायर बसला. वीस रुपये घेतले. तेव्हापासून रस्त्यात थांबून ट्यूब बदलावी लागलेली नाही. काटा निघाला की पांढरं दुधासारखं सीलंट चाकाच्या दोन-तीन फेऱ्यांत भोक बंद करतं. हवाही कमी ठेवता येते: पुढे ३२ पीएसआय, मागे ३५. ट्यूब असताना एवढ्या हवेवर खड्ड्यात ट्यूब चिमटली असती. हाताला येणारी थरथर इतकी कमी झाली की पहिल्याच फेरीला मी दोनदा उतरून मागचा टायर दाबून बघितला, हवा गेली की काय म्हणून. उन्हात सीलंट सुकतं, दर दोन-अडीच महिन्यांनी थोडं ओतावं लागतं, तेवढं लक्षात ठेवा.

टायरची दुसरी जोडी मध्ये गुळगुळीत आणि कडेला गोट्या असलेली घेतली, रुंदी तीच ४०. खडकवासल्यापर्यंतच्या डांबरावरचा तो घूं आवाज बंद झाला. मुरमावर पकड सुटल्याचं जाणवलं नाही. ओल्या चिकण मातीत मात्र ही जोडी घसरते, तिथे नॉबीच बरे.

इथपर्यंतचं ऑगस्टमध्ये लिहून ठेवलं होतं, आणि शेवटी 'केबलचे ब्रेक घेऊच नका, हायड्रॉलिकच (केबलऐवजी नळीतल्या तेलाने चालणारे) घ्या' असं वाक्य होतं. ते खोडलंय. मध्यंतरी एका मित्राची हायड्रॉलिक ब्रेकची सायकल घेऊन सिंहगड उतरलो. ब्रेक अप्रतिम. एका बोटावर सायकल थांबते, पॅड झिजतील तसे आपोआप पुढे येतात, आतल्या पॅडची कटकटच नाही. खाली आलो तेव्हा तळहात दुखत नव्हते. पण पंधरा दिवसांनी त्याच मित्राचा लिव्हर पानशेतजवळ स्पंजासारखा मऊ झाला. नळीत हवा शिरली होती. मिनरल ऑइल आणि हवा काढायचं ब्लीड किट तिथे कुणाकडे मिळणार? केबल तुटली तर वेल्ह्यातला सायकलवालाही दहा मिनिटांत बदलून देतो. ज्याची सर्व्हिस शहरात, घराजवळ आहे आणि जो दिवसाच्या दिवसात परत येतो त्याने हायड्रॉलिक घ्यावे. मी तीन-तीन दिवस बाहेर असतो, मला केबल हवी.

म्हणून मधला मार्ग काढला. पुढे केबलचाच, पण दोन्ही पॅड हलणारा कॅलिपर लावला. लिव्हर, केबल, रोटर सगळं जुनंच. रोटर आता वाकत नाही, दोन्ही बाजूंनी सारखा धरला जातो, पॅडही सारखे झिजतात. थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो, म्हणून खर्च पुढेच केला. मागचा कॅलिपर आहे तोच ठेवलाय. त्याचा आतला स्क्रू दर रविवारी निघण्याआधी बघतो, पावसाळ्यात रोज. ॲलन की आता पिशवीत नाही, सीटखाली रबराने बांधलेली असते. गेल्या रविवारी पाव फेरा फिरवावा लागला.