‘तसदी घेऊ नका’चं इंग्रजी: पुस्तिकेतला एक धडा

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका इंग्रजी संभाषण वर्गाची पुस्तिका उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला लागणाऱ्या पोरांसाठी काढलेली आहे. तिच्यातला कष्ट घेण्या-टाळण्याचा धडा तेवढा पैसे वसूल करणारा. चुकाही तिथंच जास्त.

पाहुणचारात कुंद्याची बशी पुढे आली की आपण म्हणतो, ‘कशाला तसदी घेता?’ शेजारचं कन्नड घरही ‘तोंदरे तगोबेडी’ म्हणतं. दोन्हीकडे तसदी ‘घ्यायची’ असते, म्हणून तोंडात ‘डोन्ट टेक ट्रबल’ येतं. पुस्तिका ते खोडून ‘प्लीज डोन्ट गो टु एनी ट्रबल’ देते, हे उत्तम. ‘टेक’ बसतं ते वेगळ्या साच्यात: ‘शी टुक द ट्रबल टु कॉल मी’, म्हणजे तिनं आवर्जून फोन केला. इथं ‘द’ गाळू नये आणि पुढे ‘टु’ हवाच. ‘आय हॅड ट्रबल फाइंडिंग द शॉप’ हे मात्र जमेना, सापडेना याचं. त्यापुढे ‘इंग’ लागतं. इतकी नीट मांडणी महागड्या पुस्तकांतही कमी दिसते.

पुढे मात्र गाडी घसरते. ‘टेक पेन्स’ म्हणजे जीव ओतून, बारकाईनं करणं. ते कायम अनेकवचनी. छपाईत ‘पेन’ झालंय, आणि पोरं तेच पाठ करणार. ‘आय कान्ट बी बॉदर्ड’चा अर्थ ‘मला कोणी त्रास देऊ शकत नाही’ असा दिलाय. खरा अर्थ ‘कोण करत बसणार, कंटाळा आलाय!’ मुलाखतीत हे वाक्य गेलं तर पुढचे प्रश्न आटोपतेच व्हायचे. ‘डोन्ट बॉदर’समोर नुसतं ‘राहू दे’ लिहिलंय. वरिष्ठ मदत देऊ करत असताना तेवढंच म्हटलं तर ते फणकाऱ्यासारखं लागू शकतं; ‘प्लीज डोन्ट बॉदर, आय कॅन मॅनेज’ म्हटलं की धार जाते.

‘गो आउट ऑफ युअर वे’ला ‘वाटेतून बाजूला हो’ म्हटलंय. ते ‘गेट आउट ऑफ द वे’चं. आपल्याकडे ‘वाट वाकडी करून’ हा तयार जोड असताना तो सुचू नये, याचं नवल वाटतं.

‘कट कॉर्नर्स’ला सुट्या भागाची कड घासणाऱ्या फिटरचं चित्र आहे. कारखान्यात 45 अंशांचा चॅम्फर मारून धार मोडणं हे वाढीव काम, आणि या बोलीचा अर्थ नेमका उलटा: माप न तपासताच माल पाठवणं. ‘शॉर्टकट’ही तिथंच कोंबलाय. त्यात दर्जा घसरतोच असं नाही, ‘कट कॉर्नर्स’मध्ये तोच आरोप असतो.

‘गो द एक्स्ट्रा माइल’चं मूळ धावण्याच्या शर्यतीत दाखवलंय. ते बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं आहे, 5:41: कुणी सक्तीनं एक मैल नेलं तर त्याच्याबरोबर दोन मैल जा. रोमन सैनिक लोकांना वेठीला धरून ओझं वाहायला लावत, त्यावरचं हे बोलणं. म्हणून दुसरा मैल आपखुशीचा. ओव्हरटाइमचे पैसे घेऊन केलेल्या कामाला हे शब्द शोभत नाहीत.

सरावाच्या उत्तरांत ‘ही वर्क्स हार्डली’ बरोबर धरलंय. ते ‘ही वर्क्स हार्ड’ हवं. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हटलं तर गडी कामाला जेमतेमच हात लावतो.