बिनतारी इंटरकॉमचे बेस स्टेशन : नाट्यसंस्थेच्या नजरेतून

राज्य नाट्य स्पर्धेसाठी नांदेड, परभणी किंवा लातूर केंद्रावर प्रयोग करणाऱ्या हौशी संस्थेला सभागृह हाती मिळते ते थोड्याच वेळासाठी, आणि तेवढ्यात नेपथ्य लावून विंगेतला रंगमंच व्यवस्थापक, प्रकाशयोजनाकार व संगीत देणारा यांच्यातला संवादही जुळवून घ्यावा लागतो. आमच्या संस्थेने त्यासाठी २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा, चार बेल्टपॅकचा (म्हणजे कमरेला अडकवायच्या, हेडसेट जोडलेल्या छोट्या यंत्रांचा) बिनतारी इंटरकॉम संच घेतला. आवाजाच्या दर्जाबद्दल तक्रार नाही. हे परीक्षण मुख्यतः बेस स्टेशनच्या, म्हणजे सर्व बेल्टपॅकना जोडणाऱ्या मुख्य यंत्राच्या, बटणांविषयी आहे, कारण संच घ्यावा की नाही हे माझ्या मते त्यांवरच ठरते.

पुढची बाजू चांगली जमली आहे. प्रत्येक बेल्टपॅकसाठी स्वतंत्र दिवा असल्यामुळे कोण जोडलेला आहे आणि कोणाचा संपर्क तुटला आहे, हे ब्लॅकआऊटमध्येही एका दृष्टिक्षेपात कळते. बेल्टपॅकची नोंदणी एकदाच करावी लागते आणि ती स्मरणात राहते, म्हणून वीज जाऊन जनरेटर सुरू झाला तरी बेल्टपॅक आपोआप पुन्हा जोडले जातात. आपल्याकडच्या सभागृहांत हा गुण लहान नव्हे. ‘आयसोलेट’चे बटण दाबून धरले, की बेस स्टेशनवरचा माणूस फक्त बेल्टपॅकवाल्यांशी बोलतो आणि सभागृहाच्या तारेच्या इंटरकॉमवर ते ऐकू जात नाही.

खरी कसोटी लागते ती हा संच सभागृहातल्या तारेच्या जुन्या इंटरकॉमला जोडताना. दोन तारांच्या पद्धतीत जाणारा व येणारा आवाज एकाच जोडीवरून वाहतो, त्यामुळे आपलाच आवाज परत येऊन कानात घुमतो. तो वजा करण्यासाठी मागच्या बाजूला ‘नल’ची सोय दिलेली आहे. हे काम सर्व तारा जोडून झाल्यावर आणि सर्वांचे माइक बंद ठेवूनच करावे लागते, आणि नंतर एखादी तार वाढवली किंवा काढली तर ते पुन्हा करणे भाग पडते. शिवाय नल चालू असताना यंत्र तारेवर मोठा सूर सोडते, तेव्हा हेडसेट कानावरून उतरवण्याची सूचना सर्वांना आधीच द्यावी. इतके महत्त्वाचे बटण निर्मात्याने पेनाचे टोक खुपसावे लागेल अशा भोकात का बसवले असेल, हे समजत नाही. शेजारीच जुन्या यंत्रणेचा प्रकार निवडण्याचा खटका आहे आणि तो चुकीच्या बाजूला असेल, तर नल कितीही वेळा केले तरी उपयोग होत नाही. रॅकमध्ये बसवल्यावर तर हे दोन्ही टॉर्चशिवाय दिसतही नाहीत.

अँटेना मागेच आहेत, पण त्या काढून लांब केबलवर उंच लावता येतात आणि तसेच करावे, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी माणसांच्या शरीरात शोषल्या जातात आणि भरलेल्या प्रेक्षागृहात तालमीइतका पल्ला मिळत नाही. वाय-फायचा राउटरही याच पट्ट्यात चालत असल्याने तो बेस स्टेशनपासून दूर ठेवावा. केवळ बिनतारी बेल्टपॅकवर काम भागवणाऱ्या संस्थेने हा संच निःशंकपणे घ्यावा. सभागृहाच्या तारेच्या यंत्रणेशी तो दर प्रयोगाला जोडावा लागणार असेल, तर नलचे बटण पुढच्या बाजूला असलेला संच थोडा महाग पडला तरी आधी पाहून घ्यावा.