अडीच मिलिमीटर की सव्वासहा? कॅम्पिंगची सुरी निवडताना

घडीची सुरी नको, अखंड पात्याचीच हवी, इथवर तुमचं ठरलंय असं धरून चालतो. बिजागरी नसल्यामुळे वाळू अडकत नाही, जोर लावताना पातं बोटांवर मिटत नाही आणि धुवायलाही सोपं जातं. प्रश्न उरतो तो नेमकी कुठली घ्यायची याचा. त्यासाठी तीन सुऱ्या शेजारी ठेवू: स्वीडनची मोरा कम्पॅनियन, तिचीच थोरली बहीण मोरा गार्बर्ग, आणि अमेरिकन के-बार बेकर बीके२. कम्पॅनियनचं पातं १०४ मिमी लांब आणि २.५ मिमी जाड आहे. गार्बर्गचं १०९ मिमी लांब, ३.२ मिमी जाड. बीके२चं १३३ मिमी लांब आणि चक्क ६.३५ मिमी जाड. खरा फरक जाडीचाच आहे. बाकीचं बरंचसं त्यातूनच येतं.

जाड पातं हातात घेतल्यावर भरवसा वाटतो, हे नाकारत नाही. पण मुक्कामात सुरी दिवसभर काय करते ते बघा. दोरी कापायची, तंबूच्या खुंट्यांना टोक काढायचं, कांदा चिरायचा, काठीला खाच पाडायची, शेकोटीसाठी ढलप्या काढायच्या. या प्रत्येक कामात पातळ पातं पुढे राहतं. बीके२ने गाजर चिरायला घेतलं तर ते चिरलं जाण्याआधी कट्कन फुटतं.

ढलप्यांच्या कामात तर फरक लगेच कळतो. वाळकी काठी जमिनीवर तिरकी टेकवा, कम्पॅनियनच्या धारेचा उतार लाकडावर सपाट बसवा आणि पातं खाली सरकवत न्या. कोन हाताने सांभाळावाच लागत नाही, कारण हा उतार रुंद, एकसंध आणि थेट धारेपर्यंत जाणारा आहे. याला स्कँडी धार म्हणतात. कागदासारखे पातळ कुरळे काप काठीला चिकटून राहतात आणि ठिणगी पडली की पहिले तेच पेटतात. बीके२ने असे काप निघतात, पण जाड निघतात आणि मनगट दमतं. धार लावतानाही तेच. स्कँडीचा उतार दगडावर सपाट ठेवला की कोन आपोआप मिळतो, नवख्यालाही जमतं. बीके२च्या धारेला शेवटी वेगळा छोटा उतार असतो, त्याचा कोन हातालाच धरावा लागतो. स्कँडीची उणी बाजूही सांगायला हवी: धार बारीक असल्यामुळे हाडावर किंवा कठीण गाठीवर मारली तर तिचे बारीक तुकडे उडतात.

मग बीके२ घ्यायची कशासाठी? लाकूड फोडण्यासाठी. पातं ओंडक्याच्या तोंडावर ठेवून पाठीवर दांडक्याने ठोकायचं, या कामात तिची जाडी पाचरीसारखी लाकूड उकलत जाते. पात्याचं टोक पलीकडे बाहेर राहायला हवं, नाहीतर ठोकणार कशावर? म्हणजे बीके२ने साधारण दहा सेंटिमीटर जाडीचं लाकूड फोडता येतं, कम्पॅनियनने सात-आठचं, तेही सरळ रेषांचं आणि बिनगाठीचं. कम्पॅनियनमध्ये पात्याचा मुठीतला भाग शेवटपर्यंत पोहोचत नाही. गाठीत अडकलेलं पातं सोडवायला मूठ पिळली, तर सगळा ताण तिथेच येतो. गार्बर्ग आणि बीके२मध्ये पोलाद मुठीच्या टोकापर्यंत एकसंध आहे.

पण वजनाचा हिशेब करा. बीके२ एकटी साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरते, म्यान वेगळं. कम्पॅनियन म्यानासकट सव्वाशेच्या आत. तिच्या जोडीला दोनशे ग्रॅमची घडीची करवत घेतली तरी ओझं बीके२पेक्षा कमीच होतं, आणि मनगटाएवढी फांदी करवतीने जशी कापली जाते तशी कुठल्याच सुरीने नाही. फोडायचंच असेल तर कम्पॅनियनने कठीण लाकडाची पाचर तासा आणि ती ठोका, म्हणजे सुरीही वाचते. पाठीवर सामान घेऊन चालणाऱ्यांना मी ही जोडीच सुचवीन.

पोलादाबद्दल थोडक्यात. कम्पॅनियनचं १२सी२७ आणि गार्बर्गचं १४सी२८एन ही दोन्ही स्टेनलेस आहेत (कार्बन पोलादातल्या आवृत्त्याही मिळतात, डब्यावर नीट वाचा). बीके२चं १०९५ क्रो-व्हॅन म्हणजे कार्बन पोलाद, चिवट पण गंजणारं. त्यावर काळा लेप असतो, पण धार उघडीच राहते. पावसात किंवा समुद्राकाठी ती रात्रभर ओली ठेवलीत तर सकाळी तांबूस डाग दिसतील. पुसून तेलाचा हात फिरवायची सवय नसेल तर स्टेनलेसच घ्या.

आग पेटवण्याच्या बाबतीत गार्बर्ग बाजी मारते. तिची पाठ काटकोनी, करकरीत घासलेली आहे. फेरो रॉडवर, म्हणजे खरवडली की ठिणग्या देणाऱ्या धातूच्या कांडीवर ओढली की ठिणग्यांचा सडा पडतो आणि धार वापरावी लागत नाही. कम्पॅनियनच्या पाठीला तशी कड नाही. कानशीने काढता येते. बीके२च्या पाठीवर लेप आडवा येतो, तो खरवडावा लागतो.

मूठ मात्र कम्पॅनियनचीच सरस. रबरासारखी, ओल्या हातातही न सटकणारी, पुढे बोट अडवणारा कंगोरा असलेली. बीके२ची मूठ भरीव पण गुळगुळीत आहे, हात घामेजला की जाणवतं. पोकळ मुठीत काडेपेटी आणि टोकाला होकायंत्र बसवलेल्या स्वस्त सुऱ्यांकडे बघूच नका. त्यांचं पातं मुठीच्या गळ्याशी जेमतेम धरलेलं असतं.

तर बहुतेकांनी कम्पॅनियन आणि करवत घ्यावी. एकच अवजार न्यायचं असेल आणि ते तुटलं तर दुसरं काही जवळ नसेल, तर गार्बर्ग. गाडी तंबूपर्यंत जाते, कुऱ्हाड बाळगायची नाही आणि रोज सरपण फोडायचं आहे, अशांनी बीके२ खुशाल घ्यावी.

गार्बर्ग घेताना म्यान चामड्याचं की प्लॅस्टिकचं हे विचारतील. चामडं देखणं खरं, पण ओलं झालं की लवकर वाळत नाही आणि ओल पात्याला लावून ठेवतं. प्लॅस्टिकचं घ्या, आणि पात्याचं टोक वर राहील असं म्यान उलटं धरून दोनदा झटकून बघा, खाली गादी किंवा वाळू असताना. सुरी हलली तर दुसरा नग मागा.