एनएफएल प्लस प्रीमियममधली ऑल-22 फिल्म: बॉल सोडून बाकी सगळं

2006 मध्ये नोकरीसाठी इंडियानापोलिसला आलो आणि अमेरिकन फुटबॉल शिकलो तो तिथल्या संघाच्या क्वार्टरबॅकला, पेटन मॅनिंगला, बघत. त्यामुळे क्वार्टरबॅक (संघाचा हल्ला चालवणारा, बॉल फेकणारा खेळाडू) म्हणजे पॉकेटमध्ये, साथीदारांनी भोवती राखलेल्या जागेत, पाय रोवून उभा राहणारा, स्नॅपच्या (बॉल खेळात येण्याच्या) आधीच समोरचा डिफेन्स वाचून मोकळा झालेला माणूस, हे डोक्यात पक्कं बसलेलं. आता बाल्टिमोरजवळ राहतो आणि घरात बाल्टिमोरच्या, बॉल घेऊन स्वतः पळणाऱ्या क्वार्टरबॅकची, लमार जॅक्सनची 8 नंबरची जर्सी अंगातून न काढणारा चौदा वर्षांचा मुलगा आहे. पळणारा क्वार्टरबॅक चांगला की पॉकेटमधला, हा सीझनभर दर रविवारी आमचा वाद ठरलेला. महिन्याला साधारण 15 डॉलरचं, एनएफएल या फुटबॉल लीगचं हे व्हिडिओ सबस्क्रिप्शन मी त्या वादापायीच घेतलं.

ऑल-22 म्हणजे कोच मंडळी बघतात ती फिल्म. बावीसच्या बावीस खेळाडू एकाच चौकटीत. प्रत्येक प्ले दोनदा दिसतो: एकदा बाजूने उंचावरून, एकदा गोलपोस्टच्या मागून. कॉमेंट्री नाही. सुरुवातीला फार कोरडं वाटतं, पण पंधरा-वीस प्ले झाले की सवय होते. टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे पळतो, म्हणून ज्याच्याकडे बॉल नाही त्याचं काय चाललंय हे आपल्याला कधी कळतच नाही.

आणि लमारची खरी किंमत तिथेच आहे. तो स्वतः किती यार्ड पळाला हा आकडा कुठेही मिळतो. 2024 मध्ये 915. फिल्ममध्ये दिसतो तो डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे समोरच्या संघाचा कडेचा बचावपटू. ऑप्शन प्लेमध्ये त्याला मुद्दाम कोणी ब्लॉक करत नाही. बॉल घेऊन धावणं हेच ज्याचं काम त्या साथीदार डेरिक हेन्रीच्या पोटाशी लमारने बॉल धरलेला असतो, आणि लमार तो सोडणार की काढून घेऊन स्वतः पळणार हे त्या एंडला कळत नाही. तो क्षणभर थबकतो. खो-खोत आम्ही याला हूल म्हणायचो. तेवढ्यात हेन्री आत घुसलेला असतो. आदल्या वर्षी टेनेसीसाठी 1,167 यार्ड काढलेल्या डेरिक हेन्रीने तिशी गाठल्यावर बाल्टिमोरला येऊन 1,921 काढले. त्यात हेन्रीचा जोर आहेच, पण त्या थबकण्याचाही वाटा आहे, हे मी मुलासमोर कबूल केलं.

पॉकेटवाल्यांवरचं माझं प्रेम मात्र या फिल्मने कमी झालं नाही, उलट वाढलं. 7 नोव्हेंबर 2024 चा सिनसिनाटीविरुद्धचा सामना लावा. बाल्टिमोर 35-34 ने जिंकलं, पण हरलेल्या सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरो याने 428 यार्ड आणि चार टचडाउन फेकले होते. गोलपोस्टमागच्या अँगलने त्याचे पाय बघा. अर्धं पाऊल डावीकडे, अर्धं पुढे, नजर मात्र लांब रिसीव्हरवर. हेही हलणंच आहे, फक्त वीतभर जागेत. टीव्हीवर हे पाहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

‘पळणारा क्वार्टरबॅक लवकर मोडतो’ हे माझं आवडतं वाक्य होतं. ते आता मी म्हणत नाही. बरोचा गुडघा 2020 मध्ये गेला तो पॉकेटमध्ये उभा असताना, आणि 2022 मध्ये लमारचा गुडघा दुखावला तोही सॅक होताना, म्हणजे बॉल फेकायच्या आधी पाडला जाताना.

सामना संपल्या संपल्या काय झालं ते बघायचं असेल तर त्यासाठी हायलाइट्स पुरेत. ही फिल्म मागाहून येते, आणि ती मोठ्या पडद्यावरच बघावी. फोनवर बावीस माणसं मुंग्यांएवढी दिसतात.

नवीन घेणाऱ्याने तो नोव्हेंबरचाच सामना दोनदा बघावा. एकदा बाल्टिमोरच्या प्लेमध्ये फक्त कडेच्या एंडकडे बघत, आणि दुसऱ्यांदा फक्त बरोच्या पायांकडे.