शुअर एसएम५८ : दौऱ्यावरच्या एकपात्री कलाकाराने केलेले परीक्षण

विनोदी कार्यक्रम घेऊन गावोगावी फिरणाऱ्या कलाकाराच्या हाती फार थोड्या गोष्टी असतात. तारीख आयोजक ठरवतात, कार्यक्रम सुरू होण्याची वेळ आधीच्या भाषणांवर आणि बक्षीस समारंभावर अवलंबून असते आणि आवाजाची व्यवस्था मंडपवाल्याने आणलेल्या साऊंडवर सोडलेली असते. यांपैकी निदान आवाजाची थोडी जबाबदारी कलाकाराला स्वतःकडे घेता येते आणि ती त्याने घेतलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी गेली काही वर्षे मी शुअर कंपनीचा एसएम५८ हा माईक प्रत्येक दौऱ्यावर सोबत नेतो.

गाण्यात एखादा शब्द अस्पष्ट आला तरी सूर श्रोत्यांपर्यंत पोचतो आणि मैफल पुढे जाते. विनोदाला मात्र वाक्याचा शेवटचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचावाच लागतो. तो घुमला किंवा गिळला गेला, की मागे बसलेली माणसे शेजाऱ्याला ‘काय म्हणाला?’ असे विचारू लागतात, हशा एकदम न येता तुटक-तुटक येतो आणि पुढच्या वाक्याची जागाही हातची जाते. त्या रात्री कार्यक्रम पडला तर लोक म्हणतात की कलाकारात दम नव्हता. माईक कसा होता, हे कोणी विचारत नाही.

गणेशोत्सव आणि नवरात्रात तारखांवर तारखा येतात, डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलने असतात, चैत्रात गावोगावच्या जत्रा आणि उन्हाळ्यात व्याख्यानमाला. त्यानंतर जून-जुलैमध्ये डायरीची पाने कोरी राहतात आणि घरखर्च मागच्या मानधनातून भागवावा लागतो. आज वातानुकूलित नाट्यगृहात तिकीट काढून आलेले प्रेक्षक, तर उद्या शाळेच्या पटांगणात सतरंजीवर पुढे बसलेली लहान मुले आणि मागे मोटारसायकलींवर टेकलेली तरुण मंडळी, असा हा प्रवास असतो. अशा सर्व ठिकाणी सारखेच वागणारे एक तरी साधन हाताशी असणे, हा मोठा आधार आहे.

हा माईक १९६६ साली बाजारात आला आणि त्याचे मूळ स्वरूप आजही फारसे बदललेले नाही. तो डायनॅमिक प्रकारचा असल्यामुळे त्याला मिक्सरमधून, म्हणजे आवाज जुळवण्याच्या यंत्रातून, वेगळा वीजपुरवठा लागत नाही. तालुक्याच्या गावात मिळणाऱ्या अगदी साध्या मिक्सरवरही तो चालतो. तो समोरचा आवाज घेतो आणि पाठीमागचा बराचसा टाळतो. मंडपात हा गुण फार मोलाचा ठरतो, कारण तिथे स्पीकरचे बॉक्स अनेकदा कलाकाराच्या रांगेतच लावलेले असतात आणि आवाज थोडा वाढवला की माईक शिट्टी मारू लागतो. मात्र जाळीभोवती मूठ आवळून तो धरला, तर हा गुण नाहीसा होतो. नव्या मुलांना पडद्यावर पाहून तसे धरण्याची सवय लागलेली असते. ती त्यांनी आवर्जून मोडावी. माईक जाळीच्या खाली, दांड्यालाच धरायचा असतो.

ओठांजवळ आणला की या माईकमध्ये आवाजाचा खर्ज वाढतो. एकपात्री कलाकाराला हा जणू आयताच मिळालेला साथीदार आहे. गावच्या करारी आजोबांचे वाक्य अगदी जवळून बोलावे, शेजारच्या काकूंसाठी माईक चार बोटे दूर न्यावा आणि हाक मारताना हात लांब करावा. तीन पात्रे तीन अंतरांवर उभी राहतात. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, पण एकदा जमले की वेश न बदलता पात्र बदलल्याचे प्रेक्षकांच्या लगेच ध्यानात येते.

माईक चांगला असला तरी तो साऊंडवाल्याशी बोलत नाही. ते काम कलाकारालाच करावे लागते. सांगली जिल्ह्यातील एका गणेश मंडळात आरतीनंतर मी माईक जोडला, तेव्हा साऊंडवाले दादा मिक्सरवर हात ठेवून म्हणाले, “सर, एको थोडा ठेवतो, आवाज भारी वाटतो.” मी त्यांना म्हणालो, “दादा, गाणं नाही, नुसतं बोलायचं आहे. एको पूर्ण काढा आणि गेन जरा वाढवा.” त्यांनी तसे केले, मैदानाच्या टोकाला स्वतः जाऊन ऐकले आणि तिथूनच अंगठा दाखवला. गेन, म्हणजे माईकचा सिग्नल मिक्सरमध्ये किती मोठा करायचा ते ठरवणारे बटण, वाढवण्याची ही विनंती प्रत्येक ठिकाणी करावी लागते, कारण या माईकचा मूळ सिग्नल कमी ताकदीचा असतो आणि सवय नसलेल्या माणसाला तो सुरुवातीला मंद वाटतो. त्या रात्री भाषणे लांबल्यामुळे माझ्या वाट्याला जेमतेम पाऊण तास आला होता आणि दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करायचा होता. एवढ्या वेळात आवाज जुळवत बसणे परवडले नसते.

मजबुतीबद्दल या माईकची ख्याती आहे आणि ती योग्यच आहे. एसटीच्या फळीवरून माझी पिशवी खाली आदळली, तेव्हा जाळीला पोचा पडला, पण आवाजात काही फरक पडला नाही. जाळी फिरवून काढता येते, स्वतंत्र विकतही मिळते आणि तिच्या आतला स्पंज साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून परत बसवता येतो. ज्या माईकवर आधी पाहुण्यांची भाषणे झालेली असतात, तोच तोंडाजवळ धरण्यापेक्षा स्वतःचा माईक असलेला बरा, हेही मला इथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

मात्र हा माईक प्रत्येकासाठी नाही. ज्यांच्या सादरीकरणात दोन्ही हात, उड्या, नाच आणि सारखी फिरणारी मान यांचा मोठा वाटा आहे, त्यांचे काम याने होणार नाही. स्टँडवर लावला तर मान वळताच आवाज पडतो. अशा कलाकारांनी डोक्याला लावायचा चांगला माईक घ्यावा. उघड्या मैदानात वारा असेल, तर याच्यावर वेगळे फोमचे टोपण घालणेही आवश्यक आहे.

किंमत साधारण दहा हजार रुपयांच्या आगेमागे आहे. नवख्या कलाकारासाठी ही रक्कम लहान नाही. तरीही नवा कुर्ता, फलक आणि छायाचित्रे यांच्या आधी हा खर्च करावा, असे मी सांगेन. या माईकच्या नकला बाजारात फार आहेत, त्यामुळे निम्म्याहून कमी किमतीला भुलू नये आणि अधिकृत विक्रेत्याकडूनच पावतीसह खरेदी करावी. खऱ्या माईकचे वजन सुमारे ३०० ग्रॅम असते. हातात हलका लागणारा नग घेऊ नये. केबल सोबत मिळेलच असे नाही, म्हणून एक चांगली लांब केबल आणि जुन्या मिक्सरसाठी मोठ्या पिनची दुसरी केबल, अशा दोन्ही पिशवीत ठेवाव्यात. बटण असलेला आणि नसलेला असे दोन प्रकार मिळतात. त्यांतला बटण नसलेलाच घ्यावा, कारण घाईत बटणाला बोट लागू शकते आणि ऐन पहिल्या वाक्याला तो बंद असल्याचे कळणे कोणत्याही कलाकाराला परवडत नाही.